हिवाळ्यात वीज गेली तर घरात ऊब कशी टिकवायची? टेक्ससमधल्या मराठी घरांसाठी प्रश्नोत्तरं

थंडीची लाट येणार असा इशारा आला की माझा फोन वाजायला लागतो. कुणी नुकतंच पुण्याहून ह्यूस्टनला आलेलं असतं, कुणाचे आई-वडील सहा महिन्यांसाठी राहायला आलेले असतात, कुणाच्या घरात तान्हं बाळ असतं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. फेब्रुवारी २०२१ मध्ये डॅलसजवळच्या आमच्या घरात जवळजवळ तीन दिवस वीज नव्हती. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू-सासरे असे सहा जण होतो. खाली लिहिलेलं बरंचसं त्या तीन दिवसांत कळलं, बाकीचं नंतर विचारून आणि वाचून घेतलं.

टेक्ससमध्ये एवढी थंडी पडते? आम्ही तर उन्हाळ्याच्या तयारीने आलोय.

दरवर्षी नाही, पण पडते तेव्हा सपाटून पडते. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर पारा उणे २ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे १९ सेल्सिअसपर्यंत उतरला होता. ह्यूस्टनमध्ये त्याच दिवशी १३ फॅरनहाइट होतं, म्हणजे उणे १० च्याही खाली. निफाडला दोन-तीन अंशांवर पारा आला की आपल्याकडे ती बातमी होते, त्यावरून अंदाज करा.

खरी अडचण थंडीपेक्षा घरांची आहे. इथली घरं उन्हाळा सोसायला बांधलेली असतात. पाण्याचे पाइप ॲटिकमधून, म्हणजे छपराखालच्या माळ्यातून, आणि बाहेरच्या भिंतींतून फिरवलेले असतात आणि घर तापवायचं काम बहुतेक ठिकाणी विजेवरच चालतं. त्यातून टेक्ससच्या बहुतांश भागाची वीज-जाळी स्वतंत्र आहे. शेजारच्या राज्यांकडून फार थोडी वीज घेता येते. (एल पासो शहर दुसऱ्या जाळीवर आहे, त्यामुळे तिथले दिवे २०२१ मध्ये बहुतेक चालू राहिले.) १५ फेब्रुवारीच्या पहाटे गॅसच्या विहिरी आणि वीजकेंद्रं गारठून एकेक बंद पडत होती आणि त्याच वेळी घराघरांतले हीटर जोरात चालू होते. अख्खी जाळी कोसळू नये म्हणून भाग तोडावे लागले. ती पूर्ण कोसळण्यापासून ४ मिनिटं ३७ सेकंदांवर होती, असं नंतर जाहीर झालं. ४५ लाखांहून अधिक घरं आणि दुकानं अंधारात गेली.

आळीपाळीने वीज जाईल असं आधी सांगितलं होतं. पण ज्या लाइनवर इस्पितळं किंवा तसंच काही महत्त्वाचं असतं ती तोडता येत नाही. उरलेल्या लाइन तुटल्या आणि तुटलेल्याच राहिल्या. आपल्याकडच्या भारनियमनाला निदान वेळापत्रक असतं. इथे ‘दोन तासांत येईल’ हे गृहीत धरू नका, तयारी तीन दिवसांची करा. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्टिनला जाळी ठीक होती, पण बर्फाच्या ओझ्याने झाडं मोडून तारांवर पडली आणि पुन्हा कित्येक घरं काही दिवस विजेविना राहिली.

आमची घर तापवणारी फर्नेस गॅसवर चालते. मग काळजी कशाला?

गॅस जळतो, पण गरम हवा खोल्यांत ढकलणारा पंखा विजेवर चालतो आणि सगळं चालू-बंद करणारं सर्किटही विजेवरच. वीज गेली की फर्नेस गप्प. दिवाणखान्यातली गॅसची फायरप्लेस मात्र काही घरांत विजेशिवाय पेटते, काही ठिकाणी तिला बॅटरी घालायची सोय असते. तुमची कुठल्या जातीची आहे ते नोव्हेंबरातल्या एखाद्या शनिवारी ब्रेकर पाडून, पेटवून बघा. धुराड्याची झडप उघडी आहे ना, तेही तेव्हाच पाहून घ्या.

वीज गेल्या गेल्या सगळ्यात आधी काय करायचं?

अख्ख्या घराचा विचार सोडून द्या आणि एक खोली ठरवा. लहान, कमी खिडक्यांची, शक्यतो दक्षिणेकडची, कारण हिवाळ्यात ऊन तिकडूनच येतं. बाथरूम जवळ असेल तर फारच बरं. घर अजून गरम आहे तेव्हाच सगळ्यांनी त्या खोलीत मुक्काम हलवायचा. आम्ही ‘येईलच आता’ म्हणत सहा तास घरभर वावरलो, दारं उघडत-लावत राहिलो. तेवढ्यात जी ऊब गेली ती नंतर मिळाली नाही. पहाटे दोनला ६८ अंशांवर असलेलं घर दुसऱ्या दिवशी सकाळी ४३ फॅरनहाइटवर होतं, म्हणजे सहा सेल्सिअस.

दाराखालच्या फटीत टॉवेल गुंडाळून घट्ट बसवा. खिडकीच्या काचेतून ऊब भराभर जाते, म्हणून तिच्यावर रग किंवा जाड चादर पडद्याच्या दांडीवरून अशी सोडा की कडेनेही फट राहणार नाही. दिवसा ऊन येत असेल तेवढा वेळ ती बाजूला करा आणि ऊन उतरलं की लगेच लावा. खोलीत मुलांचा कॅम्पिंगचा तंबू मावत असेल तर सरळ उभारा. नसेल तर जेवणाच्या टेबलावरून रजया सोडा. स्वस्थ बसलेलं माणूस साधारण १०० वॉट ऊब देत असतं, म्हणजे चार माणसं मिळून एका छोट्या हीटरचं काम करतात. मोठ्या दिवाणखान्यात ती ऊब छताला जाऊन हरवते, तंबूत तीच अंगाला लागते. आमच्या तंबूत आणि बाहेर चांगला आठ-दहा अंशांचा फरक पडायचा.

अंगावर काय आणि अंथरायला काय?

सगळे जण पांघरुणांचा विचार करतात आणि अंथरुणाचा विसरतात. पहिल्या रात्री आमच्या अंगावर दोन-दोन रजया होत्या आणि तरी पाठ गार पडत होती, कारण खाली हवा भरलेली गादी होती. त्या गादीतली हवा खोलीइतकीच थंड असते. दुसऱ्या रात्री ती काढली, जमिनीवर पुठ्ठे टाकले, त्यावर योगासनांच्या चटया, त्यावर सतरंजी आणि सर्वांत वर सासूबाईंनी साताऱ्याहून आणलेली गोधडी. जुन्या नऊवारीचे सात थर, त्यावर बोटाच्या पेराएवढ्या अंतराने धावदोरा. त्या टाक्यांमध्ये हवा अडकून राहते, म्हणून ती वजनाच्या मानाने फार ऊब देते. माझा मुलगा तिच्यात शिरला तो सकाळपर्यंत हलला नाही.

अंगावर एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. आतला थर अंगाला चिकटून, वरचे सैल. लोकर किंवा फ्लीस असेल तर तेच वापरा. सुती कपडा घामाने ओला झाला की गार पडतो, तो लगेच बदला. मोजे घट्ट नकोत, एकावर एक चढवताना रक्त अडलं तर पाय उलट जास्त गार पडतात. झोपताना कानटोपी घाला. आपल्याकडे आजी संध्याकाळ झाली की डोक्याला रुमाल बांधायच्या, तसंच.

गरम पाण्याची पिशवी चालेल का?

चालेल, पाणी तापवायची सोय असेल तर. उकळतं पाणी भरू नका, पिशवीला टॉवेल गुंडाळा आणि पायांपेक्षा पोटाशी किंवा मांड्यांमध्ये धरा. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांना संवेदना कमी आहे त्यांच्या पायाशी पिशवी मुळीच ठेवू नका, भाजलेलं त्यांना कळत नाही. रबरी पिशवी नसेल तर घट्ट झाकणाची साधी स्टीलची बाटली घ्या. थर्माससारखी दुहेरी भिंतीची नको, ती आपली ऊब बाहेर सोडतच नाही.

अंगणातला बार्बेक्यू किंवा कोळशाची शेगडी थोडा वेळ घरात पेटवली तर?

नाही. पाच मिनिटंही नाही, खिडकी उघडी ठेवूनही नाही, गॅरेजमध्येही नाही.

या प्रश्नावर मी सर्वांत जास्त बोलते. दुसऱ्या संध्याकाळी नाना, म्हणजे माझे सासरे, मागच्या अंगणातून कोळशाची पिशवी आणि एक ॲल्युमिनियमचा मोठा ट्रे घेऊन आत आले. त्यांचं लहानपण कौलारू घरात गेलं, माजघरात रात्रभर शेगडी असायची आणि कुणाला काही झालं नाही. ते खोटं बोलत नव्हते. पण त्या घराच्या कौलांतून, वाशांमधून, दाराच्या फळ्यांमधून हवा सतत ये-जा करत होती. इथलं घर ऊब राखायला चहूबाजूंनी बंद केलेलं असतं, त्यात आम्ही स्वतःच्या हाताने सगळ्या फटी बुजवलेल्या. असल्या बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या भारतातही हिवाळ्यात येतातच.

निखारे लाल झाले आणि धूर थांबला की धोका संपला, असं आपल्याला वाटतं. खरं तर धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणीही येत नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं आणि माणूस ‘जरा पडतो’ म्हणून आडवा होतो. २०२१ च्या त्या वादळात टेक्सस सरकारने नोंदवलेल्या २४६ मृत्यूंपैकी १९ या एका वायूने झाले. त्याखेरीज शेकडो लोकांना इस्पितळात न्यावं लागलं, त्यात कुटुंबंच्या कुटुंबं होती.

नाना चिडले. तासभर माझ्याशी बोलले नाहीत. ते मला चाललं.

बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच आणा आणि झोपायच्या खोलीजवळ लावा. घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर दुसरं काही शोधत बसू नका. सगळे बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा.

गॅसच्या शेगडीवर स्वयंपाक तरी करू की नको?

वरचे बर्नर काडीने पेटत असतील तर चहा, खिचडी, पाणी तापवणं एवढं करा. चिमणीचा पंखा बंद असणार, म्हणून तेवढा वेळ खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि झालं की गॅस बंद. खोली तापवायला बर्नर किंवा ओव्हन पेटता ठेवायचा नाही. काही नव्या शेगड्या वीज नसताना गॅस सोडतच नाहीत, त्यांच्याशी झटापट करू नका.

मेणबत्त्या, समई?

उजेडापुरत्याही नकोत. रजया, पडदे, तंबू आणि मुलं एका खोलीत कोंबलेली असताना ज्योत नको. मेणबत्तीवर कुंडी पालथी घालून ‘हीटर’ करायचे व्हिडिओ फिरतात. कुंडी हाताला गरम लागते, पण ऊब त्या मेणबत्तीचीच, कुंडीने ती वाढत नाही. डोक्याला बांधायचा टॉर्च प्रत्येकाला एक घेऊन ठेवा.

जनरेटर किंवा गाडीत बसणं?

जनरेटर घरापासून निदान २० फूट लांब, धूर दाराखिडक्यांकडे येणार नाही असा ठेवा. गाडी गॅरेजमधून बाहेर काढल्याशिवाय चालू करायची नाही, गॅरेजचं दार उघडं असलं तरीही. बाहेर काढली, सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ नाही ना ते पाहिलं, की मग अर्धा तास बसून अंग शेकता येतं आणि फोनही चार्ज होतात.

आई-बाबा म्हणतात, ‘आम्हाला काही होत नाही.’ खरं कसं ओळखायचं?

त्यांना विचारून कळत नाही. आपल्या आधीच्या पिढीला स्वतःसाठी काही मागायची सवय नाही, त्यातून मुलाच्या घरी आलेलं असलं की त्रास नको म्हणून आणखीच गप्प. शिवाय वय झालं की थंडीची जाणीवच कमी होते, कुडकुडणंही कमी होतं. थायरॉइड किंवा मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई स्वेटरचं बटण लावत होत्या. माझ्याशी बोलता बोलता लावत होत्या, आणि बटण काजातून जातच नव्हतं. तीन-चारदा निसटलं. मी म्हटलं, “आई, थंडी वाजतेय का?” त्या म्हणाल्या, “नाही गं, बोटं जरा आखडलीत.” मी त्यांच्या पोलक्याखालून पोटाला हात लावला तर पोट गार होतं. हात-पाय गार असणं चालतं, पोट आणि पाठ गार लागता कामा नये.

म्हणून विचारू नका, बघा. बोटांनी बारीक काम जमतंय का? बोलणं जड झालंय का, शब्द घोटाळतायत का? चालताना तोल जातोय का? उगाच झोप येतेय, किंवा एकच गोष्ट दोनदा विचारतायत? आधी कुडकुडत होते आणि आता थांबलंय, पण खोली गरम झालेली नाही, हे सर्वांत वाईट लक्षण. अंगाचं तापमान ९५ फॅरनहाइटच्या (३५ सेल्सिअसच्या) खाली गेलं असेल किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर ९११. मदत येईपर्यंत ओले कपडे काढा, आधी छाती-पोट-मान उबेत घ्या, स्वतः त्यांच्या रजईत शिरा. पूर्ण शुद्धीत असतील तर कोमट गोड चहा द्या. हातपाय चोळू नका, गरम पाण्यात बसवू नका. आणि आपल्याकडच्या पद्धतीने दोन चमचे ब्रँडीही नको. दारूने कातडीला गरम वाटतं, पण आतली ऊब बाहेर निघून जाते.

आणखी एक. रात्री बाथरूमला उठावं लागेल म्हणून वयस्क माणसं पाणीच पीत नाहीत. टॉर्च त्यांच्या उशाशी ठेवा, वाटेतली पायपुसणी उचला, आणि ‘मला उठवा’ असं दोनदा सांगा.

बाळाचं काय?

एक वर्षाच्या आतल्या बाळाला गार खोलीत झोपवू नये. घर गारठणार असं दिसताच ज्यांच्याकडे वीज आहे त्यांच्याकडे बाळाला घेऊन जा, संकोच करू नका. तोवर बाळाला पातळ थरांचे कपडे घाला आणि जागेपणी छातीशी धरून शालीत घ्या. झोपेत मोठ्यांच्या रजईखाली घेऊ नका, बाळ गुदमरू शकतं. आजूबाजूच्या उशा काढा आणि मोठ्यांपैकी एकाने आळीपाळीने जागं राहावं.

इन्सुलिन?

गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं, वितळलं तरी वापरायचं नाही. खोली फार गार होत असेल तर ते मोज्यात गुंडाळून तंबूत, पण गरम पिशवीपासून लांब ठेवा.

खायला काय ठेवायचं?

शरीराला ऊब अन्नातूनच मिळते, त्यामुळे अशा दिवसांत भूक मारू नका. डिंकाचे लाडू, दाण्याची चिक्की, खजूर, चिवडा, दशम्या, मेतकूट, तूप. लाट संक्रांतीच्या मागेपुढे आली तर तीळगूळ घरात असतोच. इशारा आला की थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवा. तयार मऊभाताची सोय झाली तर मुलं खूश. फ्रिजचं दार बंद ठेवलं तर आतलं चार तास टिकतं, भरलेल्या फ्रीझरमधलं ४८ तास. झोपण्याआधी थोडं तुपातलं काही खा, पहाटेची थंडी कमी बोचते.

पाइप फुटू नयेत म्हणून?

बाहेरच्या नळांना कापड आणि प्लॅस्टिक बांधा, बाहेरच्या भिंतीवरच्या सिंकखालचं कपाट उघडं ठेवा, तिथले गरम-गार दोन्ही नळ बारीक धारेने वाहू द्या. घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे घरातल्या प्रत्येक मोठ्याला माहीत हवं. आमच्या शेजारच्यांकडे ॲटिकमधला पाइप फुटला आणि तो बंद कुठे करायचा हे शोधण्यात पंचवीस मिनिटं गेली, तोवर छत खाली आलं होतं. इशारा येताच बाथटब भरून ठेवा. २०२१ मध्ये टेक्ससमधल्या एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून प्यायला सांगितलं होतं, आणि ज्यांच्याकडे वीजच नव्हती त्यांना ते उकळता येत नव्हतं. पिण्याचं पाणी माणशी रोज एक गॅलन धरून आधीच साठवा.

घर सोडून कधी जायचं?

खोली ५० फॅरनहाइटच्या खाली जातेय आणि घरात वयस्क, बाळ किंवा आजारी माणूस आहे, तर रस्ते चालू आहेत तोवर निघा. रात्री, काळ्या बर्फावरून, म्हणजे रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या पातळ बर्फावरून, गाडी चालवायची वेळ आणू नका. उबेसाठी उघडलेली केंद्रं कुठे आहेत ते २११ या नंबरवर फोन करून कळतं. आणि ज्या मराठी घरात वीज आहे त्यांना सांगते, तुम्हीच आधी फोन करा. अडलेला माणूस तिसऱ्या दिवशीसुद्धा ‘चाललंय आमचं’ असंच म्हणतो.

वीज आली. आता?

हीटर एकदम ७५ वर नेऊ नका, ६८ वर ठेवा. सगळ्यांनीच एकदम चढवला तर लाइन पुन्हा पडते. ओव्हन, ड्रायर, गाडीचा चार्जर तासभर बंद ठेवा. पाइप गोठलेला असताना गळत नाही, वितळल्यावर गळतो, म्हणून ॲटिकमध्ये आणि भिंतींवर ओल दिसते का ते दोन दिवस पाहत राहा. फ्रिजमधलं दूध-पनीर वास घेऊन ठरवू नका. ४० फॅरनहाइटच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं असेल तर टाका.

तंबू आणि खिडकीवरचे रग मात्र लगेच काढू नका. आमच्याकडे १७ तारखेला दुपारी वीज आली, मुलांनी टाळ्या वाजवल्या, सासूबाईंनी गोधडीची घडी घातली आणि चाळीस मिनिटांनी वीज पुन्हा गेली. रात्री नऊला आली ती टिकली. तरी त्या रात्री आम्ही सहाही जण त्याच खोलीत झोपलो.